दांडी नसलेलं इंजिन

आप्पा,

त्या रविवारी तुम्ही खलातला बत्ता उचललात तेव्हा मला वाटलं, हा आता माझ्या टाळक्यात बसणार. मी दोन्ही हात डोक्यावर घेतले. चाळिशीला टेकलेला बाप्या, अंबडच्या कारखान्यात हाताखाली माणसं असलेला, आणि शाळेतल्या पोरासारखा डोकं झाकून उभा. बत्ता माझ्या डोक्यात आला नाही. ओट्यावर ठेवलेल्या माझ्या इंजिनावर आला. पहिल्या घावात केबिन बसलं. पुढच्या घावात लांबट तोंड उसवलं आणि आत बसवलेली टेपरेकॉर्डरची मोटर उडून आईच्या परातीत, मळलेल्या पिठावर जाऊन पडली. पितळेचा पत्रा तुमच्या तळहातात घुसला होता, तरी तुम्ही थांबत नव्हता. रक्ताचे ठिपके पिठावर, भिंतीवर, आईच्या पातळावर. बाहेर पंचवटीच्या आपल्या बोळात भाजीची हातगाडी आणि रिक्षा समोरासमोर अडकून त्यांची वेगळीच शिवीगाळ चालली होती, आणि आत आपल्या स्वयंपाकघरात वीतभरही नसलेल्या इंजिनाचा चेंदामेंदा होत होता. आई ओरडली, "अहो, कडप्पा फोडता का! घरमालकाचा हाय तो!" इंजिनाचं तिला सोयरसुतक नव्हतं.

तुम्ही एकच ओरडत होता. "ही दांडी कुनी लावली? बोल, कुनी लावली ही दांडी?" मी म्हणालो, "मीच लावली, आप्पा. फोटोत आहे तशी लावली." तसा तुम्ही बत्ता टाकलात आणि मला उलट्या हाताची ठेवून दिलीत. ओठ दातावर फाटला. माझंही टाळकं फिरलं. कित्येक महिने जेवणाच्या सुट्टीत लेथवर उभं राहून मी ती इवलीशी चाकं कातली होती, तांबट आळीतून पत्र्याच्या कापट्या आणून पत्रा घासून घासून कागदासारखा केला होता. मी तुमची दोन्ही मनगटं धरली आणि तुम्हाला भिंतीवर दाबलं. वरची फळी कलंडली, हळदीचा डबा तुमच्या डोक्यावर उपडा झाला. रक्तानं लाल आणि हळदीनं पिवळे झालेले तुम्ही, आणि तुमच्या छातीवर रेललेला मी. तुमचं हृदय माझ्या कोपराला धाडधाड लागत होतं. आईनं तव्यावरचं तापलेलं उलथनं आमच्या दोघांच्या मधे धरलं. "एकाच्या गवऱ्या मसनात गेल्या, एकाचं पोरगं सायकलवर शाळेत जातंय, आन झोंबतायत जावा-जावांसारखे! व्हा बाहेर दोघं. भाकर जळली माझी."

हे सगळं आज इतक्या वर्षांनी उकरून काढायला कारण झाले दातांचे डॉक्टर. तुम्हाला आठवत असतील, गंगापूर रोडचे. तुमची अक्कलदाढ त्यांनी काढली आणि तुम्ही त्यांच्या बोटाला चावलात ते. माझ्यासारखेच ते या नादातले. त्यांच्या माडीवर खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची रेल्वे आहे, पाटावर मावेल एवढं स्टेशन आणि करंगळीच्या पेराहून लहान माणसं. नव्वदच्या सुमाराला त्यांचे साडू परदेशातून इंजिनांची रंगीत पुस्तकं पाठवायचे आणि आम्ही दोघं उपाशी माणसानं हलवायाच्या दुकानात बघावं तसं ती बघत बसायचो. आपल्याकडच्या डिझेलचं मॉडेल दुकानात मिळणं म्हणजे तेव्हा बैलाकडून दूध. आता थोडीफार निघतात, पण तीच ती. मेल ओढणारी, नाकाडाची, सगळ्यांच्या ओळखीची. काल डॉक्टर म्हणाले, "एक जण नवीन मॉडेल काढतोय, आपल्यासारख्यांना विचारतोय कुठलं काढू. तुम्ही काय सुचवता?" मी एका दमात म्हैस सुचवली. डॉक्टर इतके हसले की चष्मा पुसावा लागला. म्हणाले, "अहो, ढेमशाची भाजी ती. ताटात आली तर खातात, मागून कोण घेतं? दोन खपतील, एक तुम्हाला आणि एक मला." मी म्हणालो, "तुम्ही नका घेऊ. मी दोन्ही घेतो."

म्हैस. मनमाडच्या पुढं त्या कारखान्याच्या सायडिंगच्या रुळांवर तुम्ही चालवायचात ते डिझेल. तीन चाकजोड्या, वाफेच्या इंजिनासारखे बाहेरून हलणारे रॉड, एका टोकाला केबिन आणि पुढं लांब चौकोनी तोंड. दूर कुठं जायचं नाही, दिवसभर मालाचे डबे ढकलायचे आणि ओढायचे. तसलं इंजिन फारसं कुठं नव्हतंच. जिथं होतं तिथं त्याचा कुणी फोटो काढला नाही, कारण त्याच्यामागं कधी माणसांनी भरलेली गाडी नव्हती. तुम्ही सकाळी तिच्या पायरीवर लाथ घालून सुरू करायचात. "ऊठ गं भवाने!" लहानपणी मला तुम्ही एकदा केबिनमध्ये घेतलंत, मी नको त्या खिट्टीला हात लावला आणि तुमची चापट अशी बसली की दिवसभर त्या कानात डिझेलच वाजत होतं. तरी मला ती आवडायची. माराची आणि तिची गाठ माझ्या मनात कधी पडली नाही. तुमच्या मनात ती पडली होती, हे मला ठाऊक नव्हतं.

आणि काटेकाका. तुमचे जोडीदार; रुळांचे काटे बदलायचे, डबे जोडायचे-सोडायचे, म्हणून आम्ही पोरं त्यांना काटेकाका म्हणायचो. दिवाळीला घरी आले की चकलीचं कडं बोटात घालून फिरवत फिरवत खायचे. डबे ढकलताना इंजिनाच्या पुढच्या कोपऱ्यावर एक पायरी असते, तिच्यावर उभं राहून ते तुम्हाला झेंडी दाखवायचे. पायरीवरच्या माणसानं धरायला कोपऱ्यात लोखंडी दांडी असते. नव्वदीच्या सुरुवातीला एका दुपारी ते त्या पायरीवरून खाली गेले आणि म्हैस त्यांच्यावरून गेली. मी तेव्हा इकडे अंबडला लागलेला. मला कळलं ते एवढंच, की पिऊन होते, हात सुटला. सगळ्यांना तेवढंच कळलं. त्यानंतर तुम्ही रेडिओ फोडलात, आरसा फोडलात, आईचा हात पिरगळलात, गल्लीतल्या कुत्र्याला दगड मारून लंगडं केलंत. पुढं कारखाना बंद पडला, म्हैस भंगारात कापली गेली आणि तुम्ही दोघं माझ्याकडं राहायला आलात. मी आईला म्हणायचो, जोडीदार गेल्याचं दुःख आहे, निवळेल. आई म्हणायची, "दुःखाला एवढ्या लाथा नसत्यात रं."

म्हैस बनवायची हे मी तेव्हाच धरून बसलो होतो. मला वाटायचं, तुमचं आयुष्य ज्या इंजिनावर गेलं ते तुमच्या हातात ठेवावं, म्हाताऱ्याला बरं वाटेल. पण मापं कुठून आणायची? फोटो कुठं? मनमाडच्या एका जुन्या स्टुडिओत चकरा मारमारून शेवटी एक मिळाला, काळापांढरा, पुढच्या कोपऱ्यातून काढलेला. आप्पा, तो फोटो मी भिंगाखाली इतका बघितला की रात्री डोळे मिटले तरी रिव्हेटा दिसायच्या. त्यात कोपऱ्यावरची ती दांडी बाकीच्या इंजिनापेक्षा उजळ दिसत होती. सगळी म्हैस मळकी, ओघळलेली, आणि दांडी मात्र नवीन नवरीच्या बांगडीसारखी. दुसऱ्या कुणी ती चुकीची छपाई म्हणून सोडून दिली असती. आम्ही या नादातली माणसं असलं काही सोडत नाही. फोटोत डाग असला तर आम्ही डाग रंगवतो. मी दांडीला वेगळा ताजा पिवळा दिला आणि स्वतःलाच शाबासकी दिली. आणि त्या रविवारी मोठ्या हौसेनं ती ओट्यावर ठेवून म्हणालो, "आप्पा, ओळखा पाहू. दांडीसुद्धा सोडली नाही बघा."

आईनं हाकललं तेव्हा आपण मागच्या मोरीजवळच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. तुमच्या तळहाताला तिनं हळद भरून चिंधी बांधली होती आणि चिंधी लाल होत होती. मी म्हणालो, "तुम्हाला वेड लागलंय." तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. समोरच्या भिंतीशी बोललात.

"दांडी नव्हती."

"कुठली?"

"म्हशीला. दांडी नव्हती. पोळ्याच्या आधीच गेली हुती. बाजूच्या डब्याचं दार उघडं राह्यलं आन त्यानं उपटून नेली. फोरमनला रोज सांगायचो. म्हनायचा, वेल्डर बायलरवर हाय, आज नाय उद्या. मग तुज्या काटेकाकानंच तारेचा फास केला तितं. म्हनला, गाईला दावं तसं मला. हसत हुता भाड्या."

मग तुम्ही बांधलेल्या हाताची मूठ भिंतीवर मारलीत. आणि पुन्हा मारलीत. मी धरायला गेलो तर मला ढोपर मारलंत. "डबे ढकलत हुतो. एका हातात त्याची झेंडी, एक हात तारेत. तार तुटली. उचकी लागल्यागत इंजिन हललं रे पायाखाली. मला वाटलं, खडी आली रुळावर. खडी वाटली मला." तुमच्या तोंडातून थुंकी उडत होती. "सांजच्याला तितं पानी मारायला पाईप लावला, रगत धुवायला. आन त्याच वक्ताला वेल्डर दांडी लावत हुता. ठिनग्या त्या पान्यात पडायच्या आन चर्र चर्र वाजायचं. इतके दिवस बायलरवर हुता मुडदा, त्या दिवशी बरा मोकळा झाला. रंग बी मारला. सकाळी चौकशीवाले यायच्या आत फोटोवाला बोलावला."

ज्या फोटोसाठी मी वर्षभर वणवण केली होती तो कशाचा फोटो होता, हे मला तेव्हा कळलं. ती दांडी का उजळ होती, तेही.

"साहेब मला म्हनला, दांडी नसलेलं इंजिन बाहेर काढलं कुनी? डायव्हरनं. मग आत कोन जाईल? म्हंजे दांडी हुती. हुती ना? म्या म्हनलो, हुती. मग हात कसा सुटला? मग म्हनले, पिऊन हुता. ते म्या नाय म्हनलो. पन नव्हता पिऊन, हे बी नाय म्हनलो." आणि मग तुम्ही माझ्या शर्टाची कॉलर धरलीत, बटणं तुटली, "आन तू ती दांडी माझ्या घरात आनून ठिवतो! माझ्या जेवायच्या जागी!"

आई दारात उभी होती. तिच्या हातात उलथनं तसंच. तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "त्याच्या बायकोला लोक काय काय बोलत्यात, ठाव हाय ना तुम्हाला?" तुम्ही म्हणालात, "ठाव हाय." ती म्हणाली, "मग भित्ताडाला काय मारता. जा की तिच्याकडं." तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी अजून विसरलो नाही. "जाऊन काय सांगू? माझं तोंड उघडतच नाय. तितं गेलो की जीभ टाळूला चिकटंल." आणि मग माझ्याकडं वळून, जणू मीच नकार देत बसलो होतो अशा रागानं: "बनव परत. तारेसकट बनव. तोंडानं नाय जमत, तर दाखवीन तिला."

ते दुसरं इंजिन बनलं त्याला आपण बनवलं म्हणायचं की एकमेकांना न मारता उरलो म्हणायचं, देव जाणे. मी कामावरून यायचो तर तुम्ही आधीच स्वयंपाकघरात पाट टाकून, दिवा ओढून बसलेले. तुमची दृष्टी अधू झालेली, पण हात लावून सांगायचात. पायरी इतकी खाली नव्हती. केबिनच्या काचेला तडा होता. मी हो म्हटलं नाही तर कानस अंगावर यायची. एकदा ती माझ्या मांडीत रुतली, वण आहे अजून. मी सांध्याला डाग देत असताना तुम्ही कोपरानं ढकललंत आणि तापलेल्या कथलाचा थेंब माझ्या मनगटावर पडला. मीही काही संत नव्हतो. एकदा चिडून मी अख्खं केबिन कात्रीनं कापून तुमच्या पुढ्यात फेकलं आणि म्हणालो, "घ्या, तुम्हीच करा." तुम्ही ते तुकडे गोळा केलेत, उजेडाकडं धरलेत आणि म्हणालात, "बरं झालं. छप्पर उंच झालं हुतं."

सगळ्यात जास्त मार खाल्ला मी तारेपायी. मी केसाएवढी तांब्याची तार घेऊन पकडीनं सुबक पिळा घातला, सोनाराला लाजवेल असा. तुम्ही तो बोटानं चाचपलात आणि माझ्या मानेवर रट्टा दिलात. "ही काय येनी घातली का बायकोची? त्याच्याकडं पक्कड नव्हती. दातानं वढली हुती त्यानं. दातानं." मी पुन्हा केली. पुन्हा रट्टा. शेवटी मी ती तार तोंडात धरली आणि दातानं ओढून पिरगळली. वाकडी, एकीकडं चपटी, टोक बाहेर आलेलं. तुम्ही तिच्यावरून बोट फिरवलंत. उठून मोरीत गेलात आणि बादलीला लाथ मारलीत.

काटेकाकू मनमाडलाच होत्या, रुळांच्या पलीकडं, दोन खोल्या आणि समोर सार्वजनिक नळ. आपण गेलो तेव्हा त्या नळाच्या दगडावर गोधडी धूत होत्या. तुम्ही त्यांच्या समोर उभे राहिलात आणि खरंच तुमचं तोंड उघडेना. त्यांनी वर बघितलं. "डायव्हर? आज कसं काय? वाट चुकली का?" तुम्ही पिशवीतून इंजिन काढून त्यांच्या पुढं धरलंत, देवाला नैवेद्य दाखवावा तसं. त्या म्हणाल्या, "हे काय? खेळनं? माझ्या घरात कोन ल्हान हाय आता?" तुम्ही बोटानं कोपरा दाखवलात. पायरी. तार. आणि मग तुमच्या घशातून ते आलं, फाटक्या आवाजात, "वहिनी, दांडी नव्हती. तार हुती. तार तुटली. तो पिऊन नव्हता. म्या खोटं बोललो."

त्यांनी गोधडी बडवायचं धोपाटणं उचललं आणि तुमच्या खांद्यावर हाणलं. मी पुढं झालो तर तुम्ही मला हातानं मागं सारलंत. "मारू दे." धोपाटणं पाठीवर पडलं, दंडावर पडलं, ओल्या कपड्यावर पडतं तसाच आवाज. काकू मारत होत्या आणि बोलत होत्या. "बेवड्याची बायको! माझ्या पोराला सोयरिक येत नव्हती, म्हनायचे, बाप पिऊन इंजिनाखाली गेला. गाव सोडून गेला पोरगा माझा! म्या बी त्याला शिव्या दिल्या, मुडद्या! म्या बी! त्याच्या फोटोला हार नाय घातला!" शेवटचं बोलताना त्यांचा आवाज चिरला आणि धोपाटणं हातातून निसटून गटारात गेलं. तुम्ही तसेच उभे, हात खाली. नाकातून रक्त आलं होतं. त्या दगडावर बसल्या, नळाचं पाणी ओंजळीनं प्यायल्या, धापा टाकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन ते इकडं."

त्यांनी इंजिन हातात घेतलं. लांबून बघितलं, जवळून बघितलं. नखानं ती तार उचकली. "ही त्याचीच पिरगळ. बादलीची कडी तुटली की आसंच करायचा. टोक कधी आत वळवलं नाय. मला लागायचं." आणि मग त्या ज्या आवाजात ओरडल्या तो मी कारखान्याच्या भोंग्यातसुद्धा ऐकला नाही. "या गं! समद्या या! हा डायव्हर काय सांगतो ते ऐका!" बायका दारांतून आल्या, दोन म्हातारे आले, एक तरणा दाढी अर्धी करून आला, फेस गालावर. काकू तुम्हाला म्हणाल्या, "सांग. आता मला सांगितलं तसंच. मोठ्यांदा." आणि तुम्ही सांगितलंत. दांडी, तार, वेल्डर, पाण्यातल्या ठिणग्या, साहेब, सगळं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मग पिऊन नव्हता?" तुम्ही त्याच्या अंगावर धावून गेलात, "नव्हता म्हनलं ना! बहिरा हायस का?" म्हातारा बिचारा मागं सरला. त्या गर्दीत मला हसू आलं, आणि रडूही, दोन्ही एकदम, आणि कुठलं आधी आलं ते सांगता येणार नाही.

काकूंनी आपल्याला चहा विचारला नाही. माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. इंजिन पदरात घेऊन म्हणाल्या, "हे इतंच राहील. त्याच्या फोटोपुढं. तुम्ही निघा आता." परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीला डोकं टेकून बसलात. शर्टाच्या आत तुमचा खांदा निळा होऊन फुगत चालला होता. लासलगाव मागं पडल्यावर म्हणालात, "लय जोर हाय बाईच्या हातात." आणि झोपलात. लोकांना वाटेल, त्यानंतर तुम्ही निवळलात. कुठलं काय. नळाला पाणी आलं नाही की नळाला लाथ, वरणात मीठ कमी की ताट दाराबाहेर. पण आईला तुम्ही पुन्हा हात लावला नाहीत, हे खरं. पुढं दोन हजार साल उलटल्यावर एका पहाटे तुम्ही गेलात, तेही दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या अंगावर ओरडता ओरडता. काकूही त्यानंतर काही वर्षांनी गेल्या. त्यांचा परगावी गेलेला मुलगा दहाव्याला आला होता. इंजिन तो घेऊन गेला. मी मागितलं नाही. ते माझं नव्हतंच.

तर आता माझ्याकडं म्हैस नाही. एक तुम्ही फोडली, एक त्यांच्याकडं गेली. डॉक्टरांची माडी भरत चालली आहे आणि मी तिथं बसून दुसऱ्यांच्या गाड्या फिरताना बघतो. जो कुणी नवीन मॉडेल काढतोय तो म्हैस कधी काढायचा नाही, हे मला कळतं. डॉक्टर म्हणतात, "तुमच्यासारखा हात, तुम्हीच का बनवत नाही?" मी सांगतो, डोळे राहिले नाहीत. ते स्वतः भिंग देऊ करतात, तेव्हा मी हाताला कंप आहे म्हणतो. दोन्ही खोटं आहे. डोळे ठीक आहेत आणि हात तुमचाच आहे, कंप पावेल कशाला. समोर बसून मानेवर रट्टा द्यायला कुणी नाही, म्हणून नीट होणार नाही असं वाटायचं, एवढंच.

हे पत्र टाकायचं कुठं, आणि टाकून तरी तुम्ही ते सरळ वाचणार थोडेच, अर्ध्यात फाडाल. म्हणून एवढं एकच खरं लिहून ठेवतो. काल रात्री मी सुरुवात केली. इंजिन बांधणारा कुणीही आधी खालची चौकट करतो, चाकं बसवतो. मी आधी दांडी केली. चाकं नाहीत, केबिन नाही, पायरीसुद्धा नाही. पितळेच्या नखाएवढ्या तुकड्यावर नुसती ती कोपऱ्यातली दांडी, दोन्ही टोकांना चांदीचा पक्का डाग देऊन. इंजिनाला तेव्हा दांडी नव्हती, हे मला आता तुमच्याइतकंच ठाऊक आहे, आप्पा, तरी केली. चिमट्यानं धरून ओढून बघितली. मग नखानं. मग दातानं. सुटली नाही.